डोस फुकट, खाडा आपला

लेकीच्या लसीकरणाचे पहिले दोन डोस आम्ही खासगीत दिले आणि तिसऱ्यापासून पालिकेच्या आरोग्य केंद्रात गेलो. मधल्या काळात नवऱ्याची नोकरी गेली, एवढंच त्याचं कारण. तो एका कंपनीच्या स्टाफला ने-आण करणाऱ्या गाडीवर होता. ठेकेदाराचं कंत्राट संपलं तसा तोही घरी बसला. मी कांजूरमार्गला कुरियरच्या ऑफिसात डेटा एन्ट्री करते, तीही कंत्राटावरच. बाळंतपणाला रजा मिळाली, पगार नाही. राहायला आम्ही भांडुप पश्चिमेला, एलबीएस रोड सोडून वर डोंगराकडे चढत गेलं की जी वस्ती लागते तिथे. घर सासऱ्यांनी घेतलेलं, रेशनकार्ड केशरी. गरीब म्हटलेलं सासूबाईंना आवडत नाही, पण महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर घरात कोणी आंबे आणत नाही.

दीड महिन्याच्या डोसचं बिल साडेआठ हजार झालं होतं. त्यात सहा रोगांचं एकत्र ‘पेनलेस’ इंजेक्शन, न्यूमोनियाचं वेगळं, रोटाव्हायरसच्या जुलाबांसाठी तोंडावाटे द्यायचं औषध आणि डॉक्टरांची फी. अडीच महिन्यांच्या वेळी आम्ही चाचरतच म्हटलं, न्यूमोनियाचं पुढच्या वेळी देऊ. डॉक्टर भले माणूस. त्यांनी समोरची फाईल बंद केली आणि म्हणाले, “हे सगळं सरकारी केंद्रात फुकट मिळतं. न्यूमोनियाचंसुद्धा. नाव थोडं वेगळं असेल, रोग तेच. संकोच करू नका, फक्त थांबवू नका.”

एवढं सांगूनही साडेतीन महिन्यांचा डोस लांबलाच. ठाण्याची मोठी जाऊ म्हणाली, सरकारी इंजेक्शनने पोरांना ताप भरतो गं, पाय सुजतो. सासूबाई म्हणाल्या, आमची चारही पोरं पालिकेच्याच डोसवर वाढली, त्यातला एक तुझा नवरा. नवरा म्हणाला, एखादी गाडी लागली की खासगीतच देऊ. गाडी लागेना. जानेवारी 2024 मध्ये लेक पाच महिन्यांची झाली तेव्हा ऑफिसला फोन करून अर्धा दिवस मागितला आणि आरोग्य केंद्राची वाट धरली.

जावेचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं, हे मला नंतर कळलं. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांच्या एकत्र लसीत, डांग्या खोकल्याच्या जंतूची अख्खी, मारलेली पेशी असते. महागड्या ‘पेनलेस’मध्ये त्या जंतूचे निवडक शुद्ध केलेले भाग. अख्ख्या पेशीने ताप येण्याचं प्रमाण जास्त. पण तिचं संरक्षण जास्त टिकतं, ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही. आम्ही चार हजार मोजत होतो ते रात्रीच्या झोपेचे.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर पत्र्याखाली बाकं. डोस ठरलेल्या वारीच, नऊ ते साधारण साडेबारा. मी साडेनऊला पोचले तर माझ्यापुढे बायकाच बायका, कडेवर मुलं, काहींच्या हातात दुसरं भावंड. पुरुष एकच, तोही रिक्षावाला, खाकी शर्टावरच आलेला. आत सिस्टर निळ्या पेटीतून बर्फाच्या पॅकमधल्या बाटल्या काढत होत्या. प्रत्येक बाटली त्या खिडकीकडे धरून बघायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “लेबलवर हा गोल दिसतोय ना, त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. उन्हात राहिली की चौकोन काळपट होतो. गोलाइतका झाला की टाकायची.” सुई टोचून झाली की सिरिंज कटरमध्ये, खट्. तीच सिरिंज परत भरताच येत नाही, तशीच बनवलेली असते.

माझा नंबर आला तेव्हा पंचाईत वेगळीच झाली. आमच्याकडे खासगी दवाखान्याची गुळगुळीत पुस्तिका, तिच्यात कंपन्यांच्या नावांचे स्टिकर. सरकारी माता-बाल कार्डही होतं, कारण गरोदरपणी मातृवंदना योजनेच्या सरकारी पैशांसाठी इथेच नाव घातलं होतं, पण त्याचं लसीकरणाचं पान कोरं. सिस्टरनी पुस्तिका टेबलावर उघडी ठेवली आणि एकेका स्टिकरवर बोट ठेवत वाचायला लागल्या. “हे सहावालं. म्हणजे आपला पेंटा, वर आयपीव्ही, पोलिओचं इंजेक्शन. दोनदा झालं. रोटा दोन झाले. न्यूमोनियाचा एकच?” मी मान हलवली. मागच्या बायका कुरकुरायला लागल्या. सिस्टर उठून आत मेडिकल ऑफिसरना विचारून आल्या आणि मग पेनाने सरकारी कार्डावर एकेक रकाना भरला, तारखेसह. आज काय द्यायचं तेही ठरलं: पेंटा तिसरा डाव्या मांडीत, न्यूमोनियाचा दुसरा उजव्या मांडीत, आयपीव्ही उजव्या दंडाच्या कातडीत, पोलिओचे दोन थेंब, रोटा. कंपनी बदलली तरी चालतं का, हा माझा प्रश्न होता. चालतं, डोस राहून जाण्यापेक्षा बदललेला बरा, असं डॉक्टरांनी आतूनच सांगितलं.

लेकीने ज्या आवाजात भोकाड पसरलं तो आवाज तिने ‘पेनलेस’च्या वेळीही काढला होता. तेवढी एक माहिती जावेला फोनवर मुद्दाम दिली.

डोस झाला की अर्धा तास बाहेर बसायचं, बाळाला काही होतंय का बघायला. त्या अर्ध्या तासात माझ्याशेजारी एक बाई बसली होती. जालन्याकडची, नवऱ्याबरोबर बिल्डिंगच्या कामावर आलेली. मांडीवर मुलगा, अंगात झबलं आणि वर मोठ्या माणसाचा मफलर. तिला आत बोलावलं तेव्हा दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“कार्ड?”

“गावाला हाय. सासूच्या पेटीत.”

“काय काय दिलंय आतापर्यंत?”

“जल्मला तवा दिलतं दवाखान्यात. मंग आमी हितं आलो.”

सिस्टरनी मुलाचा डावा दंड उघडा करून बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, व्रण शोधला. होता. मग वय विचारलं. बाई म्हणाली, शिवरात्रीला वर्षाचा व्हईल. सिस्टरनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. महाशिवरात्र 8 मार्चला. “मग आहे अजून दीड-दोन महिने,” त्या म्हणाल्या आणि थबकल्या. मोबाइल काढून मागच्या वर्षीची शिवरात्र शोधली. 2023 ला ती 18 फेब्रुवारीला होती. मध्ये अधिक महिना आल्यामुळे यंदा पुढे गेली. तिथीने मूल मार्चात वर्षाचं होत होतं, तारखेने त्याच्या कितीतरी आधी.

ही घासाघीस कशासाठी, ते मला तिथेच समजलं. सरकारी वेळापत्रकात पेंटा, रोटा आणि न्यूमोनियाची लस यांचा पहिला डोस वर्षाच्या आत पडावा लागतो. एकदा पहिला पडला की पुढचे उशिराने झाले तरी पूर्ण करून देतात. वर्ष उलटलं की पेंटाऐवजी डीपीटीवर (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात एवढंच) जातात आणि रोटा, न्यूमोनिया हातचे जातात. न्यूमोनियाचं इंजेक्शन तेव्हा बाहेर साडेतीन-चार हजारांना. त्या बाईची हजेरी, तिनेच सांगितलं, सहाशे.

त्या दिवशी सिस्टरनी त्या मुलाला एकदमच सगळं दिलं: पेंटा, न्यूमोनिया, आयपीव्ही, आणि नऊ महिने उलटून गेलेले म्हणून गोवर-रुबेलाही. एका दिवशी वेगवेगळ्या जागी द्यायला हरकत नसते. आई घाबरली होती, इतक्या सुया एकदम कशाला, म्हणत होती. सिस्टर म्हणाल्या, “तू परत येशील याची मला खात्री आहे का? नाही ना? मग आजच.” ऐकायला तुसडं वाटेल, पण मला ते पटलं. परत यायचं तर परत खाडा. तिची जोडीदारीण आज साइटवर एकटीच विटा वाहत होती आणि मुकादमाने सकाळीच तोंड सोडलं होतं. कार्डावर मोबाइल नंबर लिहायची वेळ आली तर तिने मुकादमाचाच नंबर दिला. पुढच्या डोसची आठवण त्याच नंबरवर जाणार. बाहेर बसल्यावर तिने मला हळूच विचारलं, ताप आला तर उद्या कामावर जाता यील का. मी म्हटलं, एका दिवसात उतरतो म्हणतात. मला तरी काय माहीत होतं?

ताप आमच्या लेकीलाही आला, त्याच रात्री, आणि नवरा दर अर्ध्या तासाने थर्मामीटर लावत बसला. केंद्रातून पॅरासिटामॉल दिलं होतं. सिस्टरनी बजावलं होतं की सुईच्या जागी चोळायचं नाही, शेकायचं नाही. सासूबाई तरीही तव्यावर फडकं गरम करून आल्याच. त्यावरून जे झालं ते इथे नको.

लस दोन्हीकडे मिळते, मग पैशाने नक्की काय विकत घेतलं जातं, हा हिशोब मी तेव्हापासून मनात मांडत आले आहे. खासगी डॉक्टरची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ, रविवारी सकाळी अकरापर्यंत. रिसेप्शनिस्ट आदल्या दिवशी फोन करते. नंबर लागतो, वीस मिनिटांत बाहेर. म्हणजे कामाचा तास बुडत नाही. आरोग्य केंद्राची वेळ कामाच्या वेळेतच आणि ठरलेल्या वारीच. माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला तो तीनशेच्या आसपास, त्या बाईचे सहाशे, रिक्षावाल्याचा सकाळचा धंदा. ज्याचा खाडा सगळ्यात महाग पडतो, त्यालाच खाडा करून यावं लागतं. आणि वर आपणच म्हणतो, फुकट असूनही येत नाहीत, अडाणी आहेत.

आमच्या गल्लीच्या आरोग्य स्वयंसेविका ताईंना हे बोलले तेव्हा त्यांनी नवीन काही ऐकल्यासारखं केलं नाही. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीकडे गोवर पसरला, मुलं दगावली, कस्तुरबा रुग्णालयात पेशंटची रीघ लागली, तेव्हा त्या आमच्या भागात दारोदार ताप आणि पुरळ विचारत फिरल्या होत्या. करोनाच्या काळात राहिलेले डोस, दाटीवाटी, पोरांच्या अंगात ताकद नाही, असं सगळं एकत्र आलं होतं. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तेव्हा गोवर-रुबेलाचा जादा डोस देत होते. “नको म्हणणारे भेटले, नाही असं नाही,” ताई म्हणाल्या. “एकाने तर माझ्या तोंडावर दार लावलं. पण त्याहून जास्त मला कुलपं भेटली. आईबाप कामावर, पोर शेजारणीकडे नाहीतर मोठ्या बहिणीकडे. मी बहिणीला काय समजावू? ती आठ वर्षांची.”

मे महिन्यात आम्ही गावी गेलो, संगमेश्वर तालुक्यात. लेक नऊ महिन्यांची झाली होती आणि माझ्या डोक्यात होतं की मुंबईला परतलं की गोवरचा डोस घेऊ. पोचून दोन दिवस नाही झाले तर आशाताई अंगणात हजर. “मुंबैची माणसं आलीत कळलं. बाळ कितीचं? कार्ड आणलंय?” आणलं होतं. तीन दिवसांनी गावातल्या अंगणवाडीत डोस होता, घरापासून पाच मिनिटांवर, बांधाबांधाने. नर्सबाईंनी उजव्या दंडात गोवर-रुबेला दिला, मांडीत न्यूमोनियाचा बूस्टर, डाव्या दंडात आयपीव्ही, आणि चमच्याने अ जीवनसत्त्वाचं पिवळं औषध, जे लेकीने अर्धं माझ्या साडीवर काढलं. सगळे ओळखीचे. कोणाचा खाडा पडला नाही. ज्यांना काजूच्या बिया गोळा करायला जायचं होतं ते डोस देऊन गेले.

परत आल्यावर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा तक्ता उघडून बसले. आकडे भरणं हाच माझा धंदा, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. 2019-21 च्या पाचव्या फेरीत देशभरात 12 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी 76.4 टक्क्यांचं मूलभूत लसीकरण पूर्ण होतं; त्याआधीच्या फेरीत, 2015-16 ला, 62 टक्के. वाढ चांगलीच आहे. माझं लक्ष मात्र शेजारच्या दोन रकान्यांवर अडकलं. गावात 76.8, शहरात 75.5. फरक थोडका, पण शहराची बाजू उणी. डॉक्टर शहरात, मोठी रुग्णालयं शहरात, लस बनवणारं हाफकिनही आपल्या परळला, ज्याच्या नावाने ते आहे त्या हाफकिनसाहेबाने 1897 मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आणि शहराच्या आकड्यात तर बंगल्यातली, टॉवरमधली, सगळी मुलं धरलेली असतात. ती वजा केली तर खाली काय उरत असेल, हे तक्त्यात नव्हतं. त्याच तक्त्यात हेही होतं की देशात शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांना बहुतेक लसी सरकारी ठिकाणीच मिळतात. म्हणजे मी साडेआठ हजार देऊन ज्या खुर्चीत बसले होते ती अगदीच मोजक्यांची खुर्ची.

दीड वर्षाच्या बूस्टरला डिसेंबरात पुन्हा आरोग्य केंद्र. तेव्हा मात्र मी भांडले. पहिल्या वेळी गेले तर सांगितलं, गोवरवाली बाटली आज फोडणार नाही, एकच मूल आहे, पुढच्या आठवड्यात या. पेंटाची किंवा डीपीटीची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर 28 दिवस वापरता येते. गोवर-रुबेलाची पूड पाण्यात मिसळली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. एका बाटलीत पाच-दहा डोस. वाया गेलेल्याचा जाब त्यांना द्यावा लागतो, हे मला कळतं. पण एक मूल आलं तरी बाटली फोडायची, असा नियम आहे, हे मला आमच्या खासगी डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि ते मी तिथे बोलून दाखवलं. सिस्टर नव्या होत्या. चिडल्या. मग स्वयंसेविका ताईंनी मधला मार्ग काढला: बाकावर बसून वहीतले नंबर काढून फोन सुरू केले. “दीड वर्षाचं राहिलंय ना तुमचं? अगं आत्ता ये, साडेअकराच्या आत. पोळ्या नंतर लाट.” तासाभरात तीन मुलं जमली. त्यातली एक आई समोरच्या टॉवरमध्ये तीन घरी कामाला होती, दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या मध्ये पळत आली होती. अर्धा तास बसवलं तर नाही म्हणाली. तिसऱ्या घरच्या बाई ऑफिसला निघतात.

तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, महिन्यातून एखादा रविवार किंवा एखादी संध्याकाळ ठेवता येणार नाही का. ते म्हणाले, लिहून द्या, मीही लिहितो, माणसं कमी आहेत. मी लिहून दिलं. पोच घेतली.

मातृवंदनेचे राहिलेले दोन हजार मध्येच कधीतरी खात्यात आले. पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात, पैकी शेवटचे दोन जन्मनोंदणी आणि 14 आठवड्यांपर्यंतचे डोस पूर्ण झाल्यावर. सिस्टरनी त्या दिवशी माझे खासगीतले स्टिकर कार्डावर उतरवले नसते तर ते अडकलेच असते. त्या पैशांचं काय करायचं यावर घरात चर्चा झाली, कारण एवढ्यात जावेच्या मुलाचं लसीकरणाचं पुस्तक माझ्या हाती लागलं होतं. त्यात कांजिण्या, हेपॅटायटिस ए, टायफॉईड, फ्लू, आणि गोवर-रुबेलाबरोबर गालगुंडही. हे आपल्याकडच्या सरकारी यादीत नाही. इथे खरीखुरी दरी आहे. वेळेचा खाडा भरून ती बुजत नाही, तिला पैसेच लागतात. नवऱ्याला तोवर एका शाळेच्या बसवर काम लागलं होतं, पगार आधीपेक्षा कमी. आम्ही एकच निवडायचं ठरवलं. आमच्याकडे पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, गल्लीत दरवर्षी कोणाला ना कोणाला टायफॉईड होतो, म्हणून टायफॉईडचं घेतलं. दोन हजार जवळपास त्यातच गेले. कांजिण्या आम्हा सगळ्यांना येऊन गेल्या, हिला आल्या तर कडुलिंब आहे, असं सासूबाई म्हणतात. मला ते पटत नाही, पण यंदा तरी जमणार नाही.

आता पुढचा डोस म्हणजे पाच वर्षांचा डीपीटी, 2028 मध्ये. मध्ये दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा चमचा आहे. लिहून दिलेल्या अर्जाला अजून उत्तर नाही. ताई म्हणतात, आणखी बायकांच्या सह्या आणा. सह्या गोळा करायच्या तर बायका घरी असतात त्या वेळी फिरायला हवं, म्हणजे रात्री आठनंतर. या आठवड्यापासून आम्ही दोघी निघतो आहोत.